शेंड्यावरची कप्पी

लालबाग, मुंबई १२
रविवार, ता. ६ नोव्हेंबर १९५५

रा. रा. धोंडू सखाराम खलाशी, मु. आडबंदर, यांस,

जयवंत रामजी खवणेकर याचा रामराम. माझे पत्र पाहून आपणास आश्चर्य वाटेल. चौतीस वर्षांत मी आपणास एक ओळ लिहिली नाही, व आजही हौसेने लिहीत नाही. काम असे आहे की दुसऱ्या कोणास विचारता येत नाही.

माझे वडील बंधू कै. सीताराम यांचे 'भवानीप्रसाद' गलबत त्यांच्यासह बुडाले, हे मी आपणास सांगण्याची आवश्यकता नाही. गावची रीतही आपण जाणता. तांडेल गलबतासकट गेला व देह हाती लागला नाही, तर घरच्यांनी त्या गलबताची हुबेहूब लहान प्रतिकृती बंदरदेवीच्या मंडपात टांगावी. तोपर्यंत ते गलबत दर्यावरच भटकत आहे असे समजतात. हे कर्तव्य मी आजवर लांबणीवर टाकले. आता रखमावहिनींचे दोन्ही डोळे गेल्यासारखेच आहेत, आणि त्यांचा निरोप आला आहे : "हातांनी चाचपून बघीन, पण या चैत्रातल्या जत्रेला गलबत आणा."

गोदीतून निवृत्त झाल्यावर माझे हात रिकामेच होते. एक हातास एक इंच हे प्रमाण धरून मी तीस इंच लांबीचा सांगाडा केला. डोलकाठ्या उभ्या आहेत. शिडे शिवून झाली आहेत. अडले आहे ते कप्प्यांपाशी. गुरव देवीपुढे तीनदा परबाण चढवून उतरवितो, व शीड बांधलेला तो वासा तिन्ही वेळा खाली आला तरच गलबत बंदरात आले असे मानून ते टांगतो. म्हणजे कप्प्या केवळ शोभेच्या असून चालणार नाही. त्यांतून दोर धावला पाहिजे. तरी गलबतावर एकंदर कप्प्या किती होत्या, कोठे होत्या, व प्रत्येकीचे माप काय, हे कळवावे. त्या गलबतावरून जिवंत परत आलेले आपण एकटेच असल्यामुळे विचारणे भाग आहे.

जयवंत रामजी खवणेकर


मु. आडबंदर, ता. देवगड
१९ नोव्हेंबर १९५५

जयवंतराव यांस धोंडूचा नमस्कार.

मला लिहिता येत नाही हे तुम्हांला माहीत आहे. मी सांगतो ते शाळेतले तात्या मास्तर लिहितात. मास्तर माझे बोलणे शुद्ध करून घेतात, त्यामुळे पत्रात मी बराच शहाणा दिसेन.

कप्प्या अकरा. पुढे नाळेपाशी दोन, लहान डोलकाठीला तीन, मोठीच्या बुंध्याशी दोन, सुकाणूजवळ तीन. या दहा कप्प्या आठ बोटे लांब, चार बोटे रुंद. अकरावी मोठ्या डोलकाठीच्या शेंड्यावर, परबाण चढवायची. ती बारा बोटांची.

सगळ्या उंडीच्या लाकडाच्या करा. चाकही लाकडाचे, खिळाही लाकडाचा. लहान चाकाला नारळाची करवंटी चांगली. लाकडाची कप्पी वाजते. तिने वाजावे. अंधारात तांडेलाला दोर दिसत नाही, कप्पी वाजली की कळते परबाण खाली येत आहे. शेंड्यावरचीही लाकडाचीच करा.

वहिनी बरी आहे. रोज विचारते.

धोंडू


लालबाग, मुंबई १२
४ डिसेंबर १९५५

रा. रा. धोंडू खलाशी यांस,

आपले पत्र पोचले. त्याने काम सोपे होण्याऐवजी अवघड झाले. गोदीत मी चाळीस वर्षे फिटर होतो. माझे शिक्षण चौथी इयत्तेपर्यंतचे असले तरी सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, व त्या सुताचाही निम्मा मी केवळ डोळ्याने सांगतो. आणि आपण मला 'आठ बोटे' लिहिता. कोणाची बोटे? आपल्या उजव्या हाताला तर चारही उरलेली नाहीत.

मी माझ्या समजुतीने एक बोट म्हणजे पाऊण इंच धरले. लहान कप्पी पावणेतीन सूत, मोठी चार सूत. पावणेतीन सुताच्या लाकडात खाच पाडून तिच्यात चाक बसवायचे, आणि चाकाच्या बरोबर मध्यातून खिळा न्यायचा, हे काम काय आहे ते किनाऱ्यावर बसून समजायचे नाही. सागवान भोक पाडताच रेषेने चिरते. शिसवी चिरत नाही, तर भोकच भलतीकडे जाते. शिवणयंत्राच्या चार सुया भोक पाडण्यात मोडल्या. काल संध्याकाळपर्यंत केलेल्या चौदांपैकी दोन धड निघाल्या. शेजारच्या गंगुबाईंच्या पापडांवर भुसा उडाला, तेव्हा त्या दारात येऊन म्हणाल्या, "आजोबा, बोट सुटायच्या आधी चाळ बुडवू नका."

त्यात शहराची ही अवस्था. गेल्या महिन्यात एकवीस तारखेला मोर्चावर गोळीबार झाला, हे तिकडे कळले असेलच. ज्या कारखान्यात माझ्या ओळखीवर लेथ वापरू देतात तो हरताळामुळे सारखा बंद. पुतण्या रमाकांत सभांमागून सभांना जातो, आणि घरी आला की विचारतो, "काका, तुमच्या गलबतावर झेंडा कोणत्या राज्याचा?"

आता मुख्य गोष्ट. शेंड्यावरची कप्पी लाकडाची करा, असे आपण लिहिता. आपणास विस्मरण झालेले दिसते. 'भवानीप्रसाद'च्या शेंड्यावरची कप्पी लाकडाची नव्हती. ती मी गोदीत स्वतः केली होती : पितळी चाक, त्याच्या दोन्ही बाजूंस लोखंडी गाल, पोलादी खिळा. बुडण्यापूर्वी तीनच महिने मी ती दादांना भेट म्हणून नेऊन दिली, आणि सारे बंदर पाहण्यास लोटले होते. आवाज म्हणून नव्हता. प्रतिकृती हुबेहूब करावयाची, तर ती कप्पी पितळीच होईल. आपल्या ती लक्षात नसावी, याचे मात्र नवल वाटते. कारण तांडेल सुकाणू धरून उभा असता आपण जीव वाचविण्यासाठी त्याच डोलकाठीवर चढून तिच्यापाशी बसला होतात.

जयवंत रामजी खवणेकर


मु. आडबंदर
१८ डिसेंबर १९५५

जयवंतराव यांस नमस्कार.

बोटे डाव्या हाताची. तो हात शाबूत आहे.

तुम्ही एका बोटाला पाऊण इंच धरले ते बरोबर आहे.

उंडीचे लाकूड घ्या म्हणून आधीच सांगितले होते. उंडीचे चार तुकडे आगबोटीने येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो. रेष सरळ बघून कापा, आधी भोक पाडा, मग कप्पी कापून काढा. कप्पी कापून मग भोक पाडायला गेलात तर चिरणारच. आमचा सुतार असेच करीत असे, आणि तो एक इयत्ताही शिकला नव्हता. हे शेवटचे वाक्य मास्तर लिहायला तयार नव्हते, मी लिहायला लावले.

शेंड्यावरची तुमच्या मनासारखी करा.

इथे लोक विचारतात मुंबई आपली होणार का. रमाकांताला सांभाळा.

धोंडू


लालबाग, मुंबई १२
९ फेब्रुवारी १९५६

रा. रा. धोंडू खलाशी यांस,

उत्तरास विलंब झाला तो माझ्या इच्छेने नव्हे. जानेवारीत येथे जे घडले ते आपण ऐकले असेल. संचारबंदी होती, टपाल नाही, दूध नाही, रस्त्यावर दगड आणि काचा. रमाकांतास पकडून नेले होते. बाराव्या दिवशी सोडले. तो परत येईपर्यंत मी कानशीला हात लावला नाही. रखमावहिनींना यातील एक अक्षर कळवू नये. त्यांनी पाच वर्षांचा मुलगा माझ्या हवाली केला होता. तो आज चाळिशीला आला तरी माझ्यावरची जबाबदारी संपलेली नाही.

आधी भोक व नंतर कप्पी, ही आपली सूचना उपयोगी पडली, हे मान्य करणे मला प्राप्त आहे. तरीही दहा कप्प्यांसाठी एकतीस कराव्या लागल्या. छत्रीच्या काड्या कापून खिळे केले, कारण तेवढ्या बारीक लाकडी खिळ्याचे नुसते पीठ होते. करवंटीची चाके कानशीखाली धरता येत नाहीत. बोटांची कातडी निघते आणि चाक उडून कोठे जाते ते सापडत नाही. दोन चाके गंगुबाईंच्या तांदळात सापडली. त्या म्हणाल्या, "आजोबा, दात पडला असता तर तुमच्याकडूनच बसवून घेतला असता." एकंदरीत या कामाने मला जेवढा मनस्ताप दिला तेवढा गोदीतल्या एकाही साहेबाने दिला नाही.

शेंड्यावरची कप्पी मात्र पाहण्यासारखी झाली आहे. पितळी चाक लेथवर काढले. चार सुतांत गाल, चाक, खिळा, सर्व त्या मूळ कप्पीच्या प्रमाणात. दोन्ही बाजूंस फटही तेवढीच ठेवली आहे. त्या वेळचा माझ्या हाताचा नकाशा माझ्यापाशी आहे. फुंकर मारली तरी चाक फिरते. शिवणाचा दोरा ओवून मी परबाण वीस वेळा चढविले व उतरविले. एकदाही अडले नाही, आणि आवाज नाही.

जयवंत रामजी खवणेकर


मु. आडबंदर
२० फेब्रुवारी १९५६

जयवंतराव यांस नमस्कार.

रमाकांत सुटला हे ऐकून बरे वाटले. वहिनीला सांगितले नाही.

शिवणाच्या दोऱ्याने गलबत चालत नाही. देवीपुढे काथ्याचाच दोर लागतो. सोबत बारीक वळलेला काथ्या पाठवला आहे, सगळ्या कप्प्यांना पुरेल. टांगण्याआधी गलबताला समुद्रात स्नान घालतात. म्हणून आधी घरी मिठाच्या पाण्यात दिवसभर भिजवा, मग परबाण उतरवून बघा. कोरडे उतरले म्हणजे उतरले असे नाही.

हे नक्की करा. न करता पाठवू नका.

धोंडू


लालबाग, मुंबई १२
४ मार्च १९५६

रा. रा. धोंडू खलाशी यांस,

आपण सांगितल्याप्रमाणे केले. परिणाम असा की चार महिन्यांच्या श्रमांवर पाणी पडले आहे, आणि हे मी शब्दशः लिहीत आहे.

काथ्या भिजून फुगला. दहा लाकडी कप्प्यांतून तो कुरकुर करीत का होईना, धावतो. शेंड्यावरच्या माझ्या कप्पीतून परबाण चढते, पण उतरताना मध्यावर थांबते. ओढले तर अधिकच घट्ट बसते. पाच वेळा काढून पाच वेळा ओवला. चाकाची खोबण खोल केली. गालांना तेल दिले. तेलाने काही होत नाही.

दोष कोठे आहे हे उघड आहे. आपण पाठविलेला काथ्या कुजका व केसाळ आहे. अशा दोरावर कोणतीही चांगली कप्पी चालणार नाही. गोदीत असला दोर मी आत येऊ दिला नसता. तेथे मनिला दोर असे, गुळगुळीत व गोल. तो फुगत नसे. ज्या मापावर मी ती कप्पी केली ते माप अशा दोराचे आहे, आपल्या या केसाळ दोरीचे नव्हे. जत्रेस दीड महिना उरला आहे. चांगल्या काथ्याचा दोर ताबडतोब पाठवावा, आणि या वेळी तो वळताना लक्ष द्यावे.

जयवंत रामजी खवणेकर


मु. आडबंदर
१३ मार्च १९५६

जयवंतराव यांस नमस्कार.

काथ्या कुजका नाही. रखमावहिनीने वळला आहे. सीतारामाच्या गलबतावर हाच काथ्या होता.

धोंडू


लालबाग, मुंबई १२
२८ मार्च १९५६

धोंडूदादा यांस,

लहानपणी मी तुम्हांला याच नावाने हाक मारीत असे. चौतीस वर्षे मारली नाही. आता मारण्याचा अधिकार उरला आहे की नाही, ते हे पत्र ऐकून तुम्ही ठरवावे.

तुमचे दोन ओळींचे पत्र मी खिशात घालून चार दिवस हिंडलो. वहिनींच्या हातच्या काथ्याला मी कुजका म्हटले याची लाज वाटत होती, असे मी स्वतःस सांगत होतो. खरे कारण तिसऱ्या वाक्यात होते, आणि मी तिकडे पाहण्याचे टाळीत होतो.

रविवारी पुन्हा सर्व भिजविले. गलबत टेबलावर ठेवून परबाण चढविले. उतरविताना ते नेहमीच्याच जागी अडले. रमाकांत शेजारी वर्तमानपत्र वाचीत होता. मला घाम आलेला पाहून तो म्हणाला, "काका, जरा वारा घ्या," आणि त्याने ते वर्तमानपत्र माझ्या बाजूने दोनदा हलविले. शीड वरच होते. ते भरले, आणि गलबत टेबलावर आडवे झाले.

रमाकांत हसला. "बुडाली तुमची बोट," म्हणाला. त्याचा बाप कसा गेला हे त्याला ठाऊक आहे; पण त्या क्षणी त्याच्या लक्षात आले नाही, आणि मी आणून दिले नाही.

मी गलबत उभे केले. काथ्याचा एक पदर चाकावरून घसरून चाक व गाल यांच्यामधल्या फटीत उतरला होता. ही फट माझी. मनिला दोरासाठी बरोबर, काथ्यासाठी चूक. कोरडा असता तो वर राहतो. भिजून मऊ झाला की त्याचा पदर फटीत शिरतो, आणि मग जेवढे ओढावे तेवढा तो रुततो. लाकडी कप्पीत चाक गालांना घासूनच बसलेले असते, म्हणून ती वाजते, आणि पदराला शिरण्यास जागा नसते. चाळीस वर्षे ज्या आवाजाला मी गावठी सुताराचा ढिलेपणा समजलो, ती त्या कप्पीची चौकीदारी होती. मी दादांना मुकी कप्पी दिली.

अडकलेला पदर वर काढण्यासाठी मी नख घातले. परबाणाच्या ओझ्याने चाक फिरले, आणि नख फटीत चिमटले. परबाण केवढे, तर एका पेन्सिलीएवढे. त्या वेळी मला तुमचा उजवा हात दिसला.

तुम्ही जीव वाचविण्यास डोलकाठीवर चढला नव्हता. वाऱ्यात परबाण उतरेना, म्हणून अडकलेला दोर सोडविण्यास चढला होता. तुमची दोन बोटे डोलकाठीला कवटाळून राहताना गेली नाहीत. माझ्या कप्पीत गेली. गलबत आडवे झाले तेव्हा तुम्ही शेंड्यावर होता, म्हणून दूर फेकले गेलात व वाचलात. त्यानंतर गावाने तुम्हांला गलबत दिले नाही, कोणी तांडेल म्हटले नाही, आणि मी प्रत्येक पत्रात तुम्हांला खलाशी असे मुद्दाम लिहिले.

हे पत्र तात्या मास्तर मोठ्याने वाचणार हे जाणून मी लिहीत आहे. मास्तर, कोणताही शब्द गाळू नये. जत्रेच्या दिवशी मंडपात सर्व गावकऱ्यांसमोर हेच पत्र पुन्हा वाचावे. वहिनींना त्यापूर्वी स्वतंत्र वाचून दाखवावे. त्यांना हे गर्दीत कळू नये.

शेंड्यावरची कप्पी मी उंडीची केली आहे. चाक करवंटीचे. रमाकांत ते गलबत आगबोटीने घेऊन येत आहे. त्यालाही मी सर्व सांगितले आहे. तो म्हणाला, "गलबत मीच नेतो." पितळी कप्पी त्याच्याबरोबर निराळी दिली आहे. ती समुद्रात टाकावी किंवा ठेवावी, ते तुमच्याकडे.

रिवाजाप्रमाणे गलबत तांडेलाने डोक्यावर घेऊन मंडपात न्यावयाचे असते. ते तुम्ही न्यावे, एवढे मागतो. मी येत नाही. वहिनींसमोर कोणत्या तोंडाने उभा राहू, हे मला अजून समजलेले नाही.

एकच विचारतो. तुम्हांला माहीत होते, तर बोलला का नाहीत?

तुमचा
जयवंत


मु. आडबंदर
२९ एप्रिल १९५६

जयवंता,

सांगितले असते तर रमाकांत तुझ्या घरी जेवला नसता. वहिनीने त्याला दुसऱ्या दिवशी परत आणला असता, आणि इथे त्याला खायला काय होते? पोर मोठे होईपर्यंत थांबू म्हटले. मोठे झाले तेव्हा तू इतका मोठा माणूस झाला होतास की सांगायला जागा सापडली नाही. तू मनाने चांगले म्हणून दिलेस, आम्ही चांगले म्हणून लावले. सीतारामही त्या कप्पीवर खूश होता. पण तू पितळी पितळी लिहू लागलास तेव्हा मलाही राग आला. म्हणून काथ्या पाठवला. तोंडाने सांगून तू ऐकला नसतास.

पत्र मास्तरांनी वहिनीला घरी वाचून दाखवले. तिने पुन्हा एकदा वाचायला लावले. मग दोन दिवस माझ्याशीही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुझो हात बघू." बराच वेळ हात धरून बसली होती.

पत्र मंडपात वाचले. मी नको म्हणत होतो. वहिनी म्हणाली, वाचायचेच. गावकर मंडळी खाली बघत होती. मग त्यांच्यातल्याच एकाने मला चुंबळ दिली आणि गलबत डोक्यावर ठेवले. मान अजून दुखते. तू सांगाड्यात जरा जास्तच लाकूड घातले आहेस.

समुद्रात स्नान घातले. गुरवाने परबाण चढवले. मंडप भरलेला होता, पण पत्र वाचून झाल्यापासून कोणी बोलत नव्हते, म्हणून तुझी एवढीशी कप्पी वाजली ती मागच्या खांबापर्यंत ऐकू आली. वहिनी माझ्या बाजूला उभी होती. तिने विचारले, "कसलो आवाज ह्यो?" मी म्हटले, "परबाण खाली येता हा."

तिन्ही वेळा आले.

मग रमाकांताने तिला उचलून धरले आणि तिने नाळेपासून सुकाणूपर्यंत गलबत चाचपले. शेंड्यावरच्या कप्पीवर बोट ठेवून थांबली. म्हणाली, "जयवंत भावजींचो हात चांगलो आसा." मास्तर हे तिच्याच शब्दांत लिहीत आहेत.

पितळी कप्पी मी ठेवली आहे. समुद्राकडे एक आहे तेवढी पुरे.

आगबोटी मेअखेरपर्यंत चालू आहेत.

धोंडू तांडेल